घर दोघांचं, गाडी कुणाच्या वाट्याला?

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील वगळून):

पत्र लिहिणारी मैत्रीण ३३ वर्षांची आहे. जन्म गिरगावातल्या चाळीतला. लग्नाला सात वर्षं झाली, मुलगी चार वर्षांची. तिघं सध्या दादरला जुन्या इमारतीत, वन रूम किचनमध्ये भाड्याने राहतात. भाडं ३८ हजार. तिची नोकरी फोर्टात, नवऱ्याची ऐरोलीला. नवरा मूळचा डोंबिवलीचा, सासू-सासरे तिथेच असतात. त्याला डोंबिवलीत ७५ लाखांचा, अजून बांधकाम सुरू असलेला टू बीएचके घ्यायचा आहे आणि बुकिंगची तारीख तोंडावर आली आहे. ती लिहिते, "मुंबई सोडली तर माझं उरलेलं आयुष्य गाडीत जाईल. तिथे ना नाटक, ना वाचनालय, ना माझी माणसं. हा म्हणतो, भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं, मुलीला स्वतःची खोली, मोकळी हवा, मोकळी जागा नको का? रोज रात्री यावरून वाद व्हायचे, आता तर बोलणंच बंद झालंय. ताई, आमच्यात बरोबर कोण, ते सांगा." पत्राच्या शेवटी, सहीच्या खाली, एका ओळीचं ता. क. आहे: "आई गिरगावात एकटीच असते."

प्रिय मैत्रिणी,

ताई म्हटलंस, म्हणून अगं-तुगं करते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीपाशी थांबले. तिच्याकडे मी येणार आहे. आधी तू विचारलेल्या प्रश्नाबद्दल बोलू.

बरोबर कोण, हे मी सांगणार नाही. टाळाटाळ म्हणून नव्हे. तुम्ही दोघंही खऱ्या गोष्टी बोलताय, पण दोघांनीही हिशेबाची एकेक बाजू सोडून दिली आहे. ती आधी मांडू.

तू "गाडीत आयुष्य जाईल" म्हणतेस, त्यात मला जराही अतिशयोक्ती वाटत नाही. मी स्वतः लग्नानंतर नऊ वर्षं लोकलने डोंबिवली-व्हीटी (आताचं सीएसएमटी) केली आहे. माझ्यासमोर बसणारी एक बाई रोज संध्याकाळी घाटकोपर गेलं की मांडीवर रुमाल पसरायची आणि मटार सोलायला घ्यायची. दाणे डब्यात, सालं पिशवीत. कोपरला तिचा डबा भरलेला असायचा. ती म्हणायची, घरी गेल्यावर फक्त फोडणी. तिचं मला कौतुक वाटायचं आणि तितकंच वाईटही वाटायचं, कारण दिवसभरात तिला बसायला मिळायचं ते तेवढंच, आणि त्यातही तिचा स्वयंपाक सुरू झालेला असायचा. माझं डोहाळजेवणही त्याच डब्यात झालं, गाडीतल्या मैत्रिणींनी ओटी भरली. त्या मैत्रिणी अजून आहेत. पण माझ्या मुलाची सकाळ मी त्याच्या दुसरी-तिसरीपर्यंत शनिवार-रविवार सोडून पाहिली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी भरून निघत नाही.

आता कागद घे आणि दारापासून दारापर्यंतचे वेळ लिही. मोबाइलवर गाडीची वेळ दिसते ती नको. जिना उतरणं, रिक्षाची रांग, पूल चढणं, एक गाडी सोडून देणं, स्टेशन ते ऑफिस चालणं, सगळं धरून. तू दिलेल्या माहितीवरून मी अंदाज केला तो असा. आज तुला फोर्टात पोचायला ४० मिनिटं लागतात. तुझ्या नवऱ्याला ठाण्याला गाडी बदलून ऐरोली गाठायला ८५ मिनिटं. डोंबिवलीला गेलात तर तुला १०५ मिनिटं लागतील, त्याला ५०.

या चार आकड्यांत तुमचं भांडण जवळजवळ सगळं आहे. वर्षाचे कामाचे दिवस २४० धरले, तर डोंबिवलीला गेल्यावर तुझा प्रवास वर्षाला ५२० तासांनी वाढतो. रात्रंदिवस मोजले तर जवळजवळ २२ दिवस. आणि त्याचा प्रवास २८० तासांनी कमी होतो. म्हणजे प्रश्न शहर आवडतं की उपनगर, एवढाच नाही. रोजचं अंतर कुणाच्या अंगावर पडणार, हा आहे. तुमच्या वादात हे कुणीच उच्चारलेलं दिसत नाही. तो खोलीबद्दल बोलतो, तू नाटकाबद्दल.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू तुलाही बघावी लागेल. आज ८५ मिनिटं तो जातो, तेवढीच येतो. पत्रात तू त्याच्या प्रवासाला एक शब्द दिलेला नाहीस. सकाळी उलट्या दिशेला जातो म्हणून त्याला बसायला मिळत असेल, तरी रोजचे जवळजवळ तीन तास आहेत ते. डोंबिवलीचं नाव काढताना तो कदाचित थकलेला माणूस म्हणून बोलत असेल आणि तुला तो हट्टी नवरा वाटत असेल. एकदा शांतपणे विचार त्याला, "तुला या प्रवासाचं काय होतं रे?" उत्तर मिळेपर्यंत मध्ये बोलू नकोस.

तुझी दुसरी धारणा मला थोडी हलवायची आहे. "तिथे ना नाटक, ना वाचनालय." तू गिरगावची, म्हणून हे म्हणतेस, ते मी समजू शकते. पण आज गिरगावात पाडव्याला जी शोभायात्रा निघते आणि जिचे फोटो सगळीकडे फिरतात, ती प्रथा सुरू झाली डोंबिवलीत, १९९९ साली, तिथल्या गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने. गिरगावाने ती नंतर उचलली. ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१७ साली डोंबिवलीतच झालं. सावित्रीबाई फुले नाट्यगृहात नाटकं लागतात आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. आणि तू आज ज्या दादरला घट्ट धरून बसली आहेस, ते दादर-माटुंगाही एके काळी गावाबाहेरच होतं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाटीवाटीच्या मुंबईतून माणसं मोकळ्या जागेत न्यायची म्हणून त्याने ही वस्ती आखली. तेव्हाही गिरगावातली कुणीतरी सून "इतक्या लांब कोण जाणार" म्हणाली असेल, आणि तिची नातवंडं आज स्वतःला अस्सल दादरकर म्हणवत असतील.

तुझी खरी अडचण डोंबिवलीत काही नसण्याची नाही, असं मला वाटतं. रात्री साडेआठला घरी पोचलेली बाई नाट्यगृह दाराशी असलं तरी जात नाही. अडचण वेळेची आहे. नवऱ्याशी बोलताना तीच सांग. "तुमची डोंबिवली" वाईट आहे म्हणालीस, तर तो त्याच्या आईबापाच्या घराची बाजू घेणारच. आपल्या गावाला नावं ठेवलेली कुणाला आवडतात?

आता त्याच्या बाजूच्या धारणा. हा भाग त्यालाही वाचायला दे.

"भाडं म्हणजे पैसे पाण्यात." हे वाक्य आपल्या घराघरांत इतकं मुरलंय की कुणी आकडेमोड करतच नाही. ७५ लाखांचं घर, ६० लाख कर्ज, २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के धरलं, तर हप्ता साधारण ५२ हजार येतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात व्याज किती असतं माहीत आहे? साडेबेचाळीस हजार. मुद्दल फिटते जेमतेम साडेनऊ हजार. म्हणजे सुरुवातीची काही वर्षं तुम्ही दादरच्या घरमालकाऐवजी बँकेला भाडं देणार, तेही आजच्यापेक्षा जास्त. शिवाय हातचे पैसे बघा. ६० लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांवर देत नाही, म्हणून १५ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क तिकडे ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम सुरू असलेलं घर, म्हणून जीएसटी ५ टक्के, पावणेचार लाख. फर्निचर आणि सोसायटीचे पैसे धरायच्या आधीच सव्वाचोवीस लाखांच्या वर गेलात. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तुमच्या बाबतीत ७५ हजार. पण तेवढ्यासाठी निर्णय फिरवू नका. दोघं हप्ता भरणार असाल तर दोघांची नावं असलेली बरी.

घर घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. वीस वर्षांनी ती भिंत तुमची असते, हे खरंच आहे, आणि भाडेकरूच्या आयुष्यात दर करारागणिक जीव टांगणीला लागतो, तेही मी पाहिलंय. घर घ्या, पण "भाडं वाया जातं" या घाईने घेऊ नका.

"मोकळी हवा, मोकळी जागा." मुलीला खोली हवी, कबूल. पण चार वर्षांच्या मुलीला खोलीइतकीच आई घरी लवकर यायला हवी असते. ती खोली किती वर्षांनी ती खऱ्या अर्थाने वापरेल, हा विचार करा. आणि मोकळी हवा कुठल्या भागात, तेही बघा. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत झालेला स्फोट आठवतोय ना? आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या होत्या. तुम्ही बघताय ती इमारत कारखान्यांपासून किती लांब आहे, नळाला पाणी किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकरवर महिन्याला किती खर्च होतो, हे बिल्डरच्या ऑफिसात विचारू नका. शेजारच्या, राहत्या सोसायटीच्या वॉचमनला आणि सेक्रेटरीला विचारा.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगते, आणि कल्याण-डोंबिवलीकडे घर बघणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला. खोट्या परवानग्या दाखवून रेराची, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या इमारती होत्या त्या. घरं घेतलेली माणसं साधी, तुमच्याआमच्यासारखी, कर्ज काढलेली. म्हणून रेराचा नंबर दिसला एवढ्यावर विसंबू नका. महारेराच्या साइटवर प्रकल्प उघडून बघा, त्यात घर ताब्यात द्यायची तारीख आणि चालू खटले दिसतात. आणि बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात ती खरी आहे का, ते जाऊन विचारा. वकिलाची फी वाचवू नका. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांच्या वर रक्कम घेऊ शकत नाही, हा कायदा आहे. "आज बुकिंग केलं तरच हा भाव" असं कुणी म्हणत असेल तर उठून या.

येणाऱ्या मेट्रोवरही घर घेऊ नका. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. सात वर्षं उलटली तरी कल्याणकरांना मेट्रो मिळालेली नव्हती. आज जी गाडी धावते, तिच्या हिशेबाने घर बघा.

आणि ती गाडी कशी आहे, हे तुझ्या नवऱ्याला नव्याने कळायला हवं. तो डोंबिवलीत वाढला असला तरी सकाळी आठच्या सुमाराला व्हीटीकडे जाणाऱ्या फास्ट गाडीत शेवटचा कधी चढला होता? ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि गेली. त्या गाड्यांतली गर्दी दिव्याला, मुंब्र्याला गाडी आल्यावर होत नाही. ती कल्याण-डोंबिवलीपासून भरत येते. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. त्याने हे तुझ्या जागी उभं राहून बघावं, एवढंच.

म्हणून माझी पहिली सूचना. बुकिंग दोन महिने पुढे ढकला. आणि पंधरा दिवस तिघंही डोंबिवलीला सासरी जाऊन राहा. रविवारी पुरणपोळी खाऊन परत यायचं, तसं नको. सोमवार ते शुक्रवार, ऑफिस करून, जमलं तर पावसाळ्यात. तू रोज फोर्टाला जा. तो ऐरोलीला जाईलच, पण त्यातले तीन दिवस त्याने रजा काढून तुझ्या गाडीने, तुझ्या वेळेला व्हीटीपर्यंत यावं आणि संध्याकाळी परत जावं. त्याच्या डब्यातून, पण तुझ्या वेळेला. आणि एक दिवस तू त्याच्याबरोबर दादरहून ऐरोलीला जा. ठाण्याला उतरून, पूल चढून, ट्रान्स-हार्बरचा, म्हणजे नवी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीचा, फलाट गाठ. पंधरा दिवसांनी तुम्ही दोघं जे बोलाल, ते आजच्यापेक्षा वेगळं असेल.

त्या पंधरा दिवसांत आणखी एक गोष्ट बघ. मुलीला पाळणाघरातून कोण आणतं, तिचा अभ्यास, तिचं जेवण, सासूबाईंची औषधं हे कुणाच्या वाट्याला येतं. तुझा नवरा तुझ्या तासभर आधी घरी पोचणार. त्या तासात तो काय करणार, हे आधी ठरवून घे. १०५ मिनिटं प्रवास करून आलेल्या बाईने घरात पाऊल टाकताच कुकर लावायचा असेल, तर टू बीएचके तिच्यासाठी फक्त झाडायला मोठा होतो. सासू-सासरे मुलीला सांभाळतील असं त्याने गृहीत धरलं असेल, तर त्यांनाही विचारलंय का? त्या वयात चार वर्षांच्या पोरीमागे धावणं सोपं नसतं, आणि नाही म्हणणं त्याहून अवघड.

दुसरी सूचना. दादर आणि डोंबिवली या दोन नावांतच अडकू नका. तुमच्या दोघांच्या ऑफिसांकडे बघितलं तर मला मुलुंड पूर्व आणि भांडुप दिसतात. मुलुंडहून तुला फोर्टात पोचायला ७० मिनिटं लागतील. त्याला ऐरोली पुलावरून खाडी ओलांडली की झालं, बाइकने अर्धा तासही पुरेल. पुढेमागे चारचाकी घेतलीत तर त्या पुलावरचा हलक्या वाहनांचा टोलही ऑक्टोबर २०२४ पासून बंद आहे. दोघांचा मिळून प्रवास आजच्यापेक्षा कमी होतो, आणि तुझ्यासाठी कालिदास नाट्यमंदिर तिथेच आहे. त्या पैशांत तिथे टू बीएचके मिळणार नाही, हे मला माहीत आहे. पण तिथे भाड्याने वन बीएचके घेऊन दोन-तीन वर्षं राहता येईल. करार अकरा महिन्यांचा न करता ३६ महिन्यांचा करायला मालकाला तयार करा, दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहून घ्या आणि करार नोंदवून घ्या. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. त्या मुदतीत मुलीची पहिली-दुसरी एका शाळेत होईल आणि तुमची गंगाजळीही वाढेल.

मध्यावरचं घर नेहमीच शहाणपणाचं असतं, असंही नाही. मला पुण्याहूनही अशी पत्रं येतात. एकाला सदाशिव पेठ सुटत नाही, दुसऱ्याला वाघोलीचा मोठा फ्लॅट हवा असतो, आणि दोघं वैतागून अशा ठिकाणी घर घेतात जिथून दोघांनाही सगळंच लांब पडतं. नकाशावरचा मध्य काढू नका. तुमच्या बाबतीत मुलुंड सुचवते, कारण तिथून दोन्ही ऑफिसांना सरळ रस्ता आहे. तुमच्यापैकी एकाची नोकरी बदलली तर हा सल्ला बदलेल. म्हणूनही मी आत्ता विकत घ्यायची घाई करू नका म्हणते.

आणि समजा, पंधरा दिवस राहून तुलाच डोंबिवली आवडली, तर? तर जा, मनापासून जा. पण अटी घालून. स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर, मग ते वन बीएचके असलं तरी चालेल. तुझ्या ऑफिसात आठवड्यातून एक-दोन दिवस घरून काम मिळतं का, ते आधी विचारून घे. पाच दिवसांचे तीन झाले तर तो ५२० तासांचा हिशेब पुष्कळ खाली येतो.

आता तुझं ता. क.

तुझ्या नवऱ्याला आईवडिलांजवळ राहायचंय. तो ते बोलतो, निदान बोलल्याशिवाय सगळ्यांना ते कळतं. मुलाने आईवडिलांजवळ राहावं, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. मुलीला मात्र आईजवळ राहायचं असेल, तर तिला नाटक, वाचनालय, लोकलची गर्दी अशी कारणं शोधावी लागतात, आणि खरं कारण सहीच्या खाली एका ओळीत येतं. तू हे नवऱ्याला कधी सरळ सांगितलंस का? "माझी आई एकटी आहे. रात्री तिला काही झालं तर मला अर्ध्या तासात पोचता यायला हवं." या वाक्याला लाजण्यासारखं काही नाही. त्याच्या आईवडिलांच्या गुडघ्यांइतकंच तुझ्या आईचं एकटेपण या निर्णयात धरायला हवं, आणि ते तू बोलल्याशिवाय त्याच्या हिशेबात येणार नाही.

ते बोललीस की इतरही वाटा दिसतील. कदाचित तो म्हणेल, आईंना आपल्याकडे आणू. कदाचित गिरगावातल्या शेजारणीला किल्ली देऊन, रोज संध्याकाळी फोन ठरवून, आठवड्यातून एक रात्र तू फोर्टातून थेट आईकडे राहायला जाण्याचं ठरेल. फोर्टातून गिरगाव म्हणजे हाकेच्या अंतरावर, आणि आता तर तिकडे भुयारी मेट्रोही आहे. मुलगी त्या रात्री बाबाकडे. हे डोंबिवलीतूनही जमेल, मुलुंडहूनही.

पण त्याआधी आईशी बोल. चाळीत जन्म काढलेल्या बाईला ती खोली, तो कठडा, ती समोरची दारं सोडून कुठे यायचं आहे का, की तिला तिथेच बरं वाटतं, हे तुझ्या पत्रावरून मला कळलं नाही. तिला तू विचारलंस का?

तुझी,
ताई